ओढ्याकाठचे घर घेण्यापूर्वी: हंटरडन काउंटीत पुराचा धोका आणि पूरविमा

एडिसन, पार्सिपनी किंवा जर्सी सिटीच्या भाड्याच्या घरात काही वर्षे काढल्यावर न्यू जर्सीतली अनेक मराठी कुटुंबे घराच्या शोधात पश्चिमेकडे सरकू लागतात आणि इंटरस्टेट ७८ किंवा रूट २०२ धरून हंटरडन काउंटीत येऊन पोहोचतात. येथे दोन-तीन एकर जमीन मिळते, शेजारी हाकेच्या अंतरावर नसतात, आणि जाहिरातीत हमखास एक वाक्य असते की मागच्या अंगणातून ओढा वाहतो. गावाकडे ओढ्याकाठी घर बांधायचे म्हटले तर घरातली वडीलधारी माणसे आधी कपाळाला आठ्या घालतात. येथे मात्र त्याच ओढ्यासाठी आपण वर पैसे मोजतो. हा लेख अशा पहिल्यांदाच ग्रामीण भागात घर घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे हंटरडनची असली, तरी पूरविम्याचे नियम संघराज्याचे असल्यामुळे ते अमेरिकेतल्या कोणत्याही काउंटीत लागू पडतात. बँकेने विमा मागितला नाही याचा अर्थ घराला धोका नाही असा बहुतेक जण लावतात, आणि माझ्या पाहण्यातले सर्वांत महागात पडलेले गैरसमज याच एका समजुतीतून निघालेले आहेत.

आधी पाणी कोणत्या वाटेने येते ते समजून घ्या

हंटरडनमध्ये पूर एका प्रकारचा नसतो. पश्चिम सीमेवर डेलावेअर नदी आहे. तिच्या काठी मिलफर्ड, फ्रेंचटाऊन, स्टॉकटन आणि लॅम्बर्टव्हिल ही जुनी गावे वसलेली आहेत. ऑगस्ट १९५५ मध्ये कॉनी आणि डायन ही दोन वादळे पाठोपाठ आली तेव्हा या नदीला जो पूर आला, तो आजही मोजमापाचा मानदंड मानला जातो: काउंटीच्या किंचित वरच्या अंगाला असलेल्या रिगल्सव्हिल येथे पूरपातळी २२ फूट असताना पाणी ३८.८५ फुटांवर गेले होते. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे नदी तुलनेने शांत राहिली, आणि मग सप्टेंबर २००४, एप्रिल २००५ आणि जून २००६ असे दोन वर्षांच्या आत तीन मोठे पूर आले. डेलावेअरचे पाणी मात्र सांगून येते. वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस खाली पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे सामान वर हलवायला आणि गाडी काढायला बहुधा पुरेसा अवधी मिळतो.

रॅरिटनची दक्षिण शाखा, नेशॅनिक आणि मस्कोनेटकाँग या मधल्या आकाराच्या नद्यांना तेवढा अवधी नसतो. तिसरा प्रकार म्हणजे लहान ओढे. नवख्या माणसाला फसवतात ते हेच. किंगवूड आणि डेलावेअर टाऊनशिपच्या पठाराखाली अर्जिलाइट नावाचा अतिशय घट्ट खडक आहे, ज्यात पाणी जवळजवळ मुरतच नाही. वरची माती पातळ आणि चिकण. त्यामुळे लॉकाटाँग किंवा विकेचीओकसारखा ओढा, जो ऑगस्टमध्ये दगडांवर उड्या मारत कोरड्या पायांनी ओलांडता येतो, तो जोराच्या पावसात तासा-दोन तासांत रस्ता गिळून टाकतो. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाचे उरलेसुरले ढग या भागावर आले तेव्हा एका संध्याकाळीत काही ठिकाणी आठ इंचांहून अधिक पाऊस झाला. राज्यात तीस माणसे दगावली, आणि त्यांतली बरीच गाडीत अडकलेली होती. त्या रात्री ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांतले कित्येक जण कोणत्याही नकाशावरच्या पूरक्षेत्रात राहत नव्हते.

म्हणून घर पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा: या घरापर्यंत पाणी पोहोचलेच, तर ते कोठून येईल? नदी फुगून, ओढा फुटून, वरच्या शेतातून उतरून, की जमिनीखालून झिरपून? पुढे विम्याचा दावा करण्याची वेळ आली तर याच प्रश्नाच्या उत्तरावर पैसे मिळणे न मिळणे ठरते.

जमीन स्वतः चालून पाहा, आणि शक्यतो पाऊस पडून गेल्यावर

ओपन हाऊस नेहमी उन्हाच्या दिवशी असते. दुसरी फेरी मोठ्या पावसानंतरच्या सकाळी मारावी आणि घराच्या आत जाण्यापूर्वी बाहेर अर्धा तास फिरावे. ओढ्याकाठच्या झुडपांत आणि कुंपणाच्या तारेत वाळके गवत, काटक्या, प्लॅस्टिक अडकलेले दिसते. ते जमिनीपासून किती उंचीवर आहे ते पाहा. कमरेइतक्या उंचीवर गवताचा पुंजका अडकलेला असेल, तर तो तेथे वाऱ्याने गेलेला नाही. ड्राइव्ह-वेखालून ओढा जात असेल तर मोरी पाहा. खाजगी ड्राइव्ह-वेखालची मोरी ही बहुतेक वेळा घरमालकाची जबाबदारी असते, टाऊनशिपची नव्हे, आणि ती दोन फूट व्यासाची पन्हळी पत्र्याची असेल तर एखादा ओंडका अडकला की ओढा तुमच्या अंगणातून वाट काढतो. घर उंचावर असले आणि ड्राइव्ह-वे वाहून गेला, तरी घर कोरडे राहून तुम्ही मात्र आत किंवा बाहेर अडकता. घर पाहताना ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

मग बेसमेंटमध्ये उतरा. काँक्रीटच्या भिंतीवर पांढरट क्षारांची आडवी रेघ दिसते का, दारांच्या चौकटींचे खालचे चार इंच बाकीच्यापेक्षा वेगळ्या रंगाचे आहेत का, फर्नेस आणि वॉटर हीटर विटांवर चढवून ठेवले आहेत का, हे पाहावे. माझ्या एका स्नेह्यांनी पाहिलेल्या घरात बेसमेंट नुकतेच रंगवलेले होते, नवा गालिचा होता, सारे काही छान होते; फक्त कोपऱ्यातल्या सम्प पंपाशेजारी, म्हणजे बेसमेंटमध्ये साचणारे पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाशेजारी, दुसरा सम्प पंप होता आणि त्याच्या शेजारी ट्रकच्या बॅटरीएवढी बॅटरी ठेवलेली होती. दोन पंप आणि एक बॅटरी कोणी हौसेने बसवत नाही. सम्प पंप असणे हा काही दोष नव्हे, या काउंटीत तो घरोघरी आहे. पण तो किती वेळा चालतो आणि वीज गेल्यावर काय होते, हे घरमालकाला जरूर विचारावे.

शेजाऱ्यांना विचारायला संकोचू नका. रस्त्यावर तीस वर्षे राहिलेली व्यक्ती टपालपेटीजवळ भेटली की आयडात पाणी कोठवर आले होते ते बोटाने दाखवते. नकाशात नसलेली माहिती अशीच मिळते.

नकाशा वाचायला शिका, आणि त्याने काय सांगितलेले नाही तेही ओळखा

पूरक्षेत्राचे अधिकृत नकाशे फेमा ही संघराज्याची आपत्ती व्यवस्थापन संस्था प्रसिद्ध करते. तिच्या मॅप सर्व्हिस सेंटर या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकला की त्या भागाचा नकाशा मोफत मिळतो, आणि त्याचा हवा तेवढा तुकडा छापूनही घेता येतो. नकाशावर अक्षरे असतात. ए या अक्षराने सुरू होणारी क्षेत्रे म्हणजे जास्त धोक्याचा भाग, जेथे कोणत्याही एका वर्षात पूर येण्याची शक्यता किमान १ टक्का मानली जाते. यालाच लोक शंभर वर्षांचा पूर म्हणतात, आणि हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदाच असा होत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. एई क्षेत्रात पुराच्या पाण्याची अपेक्षित उंची फुटांत दिलेली असते. नुसत्या ए क्षेत्रात ती दिलेली नसते, कारण तेथे सविस्तर अभ्यास झालेला नसतो. ग्रामीण काउंट्यांत असे नुसते ए पुष्कळ आढळते, आणि तेथे पाण्याची उंची शोधून काढण्याचा खर्च कधीकधी तुमच्याच माथी येतो. एक्स हे क्षेत्र मध्यम किंवा कमी धोक्याचे: त्यात छायांकित भाग असेल तर तेथे वर्षाला ०.२ टक्के शक्यतेचा पूर पोहोचतो, आणि कोरा भाग त्याहीपलीकडचा.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना निळी रेषा आणि लाल रेषा ठाऊक असतात. महाराष्ट्रातली निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. येथल्या ए क्षेत्राची हद्द म्हणजे साधारणपणे आपली लाल रेषा समजावी. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते, तशीच येथे राष्ट्रीय हवामान सेवा प्रत्येक मोजणीकेंद्रावर कृती, किरकोळ, मध्यम आणि मोठा पूर अशा चार पातळ्या ठरवते आणि चालू पातळी संकेतस्थळावर दाखवते. घराजवळच्या केंद्राचे नाव आणि त्याच्या चारही पातळ्या फ्रिजवर लिहून ठेवाव्यात. मात्र हे केंद्र नदीवर असते. तुमच्या मागच्या ओढ्यावर नसते.

नकाशाची मर्यादा हीच आहे. एक चौरस मैलाहून कमी क्षेत्राचे पाणी वाहून आणणारे ओढे फेमाच्या नकाशात बहुधा घेतलेलेच नसतात. तुंबलेली मोरी, वरच्या बाजूला झालेली नवी वसाहत, डोंगरउतारावरून थेट बेसमेंटच्या खिडकीत शिरणारे पावसाचे पाणी, यांतले काहीही तेथे दिसत नाही. फेमाच्याच आकड्यांनुसार राष्ट्रीय कार्यक्रमाखालील पूरविम्याच्या दाव्यांपैकी सुमारे ४० टक्के दावे जास्त धोक्याच्या क्षेत्राबाहेरून येतात. तेव्हा घर एक्स क्षेत्रात आहे हे कळल्यावर सुटकेचा निःश्वास टाकू नये.

न्यू जर्सीत याखेरीज राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो फेमाच्या नकाशापेक्षा कडक आहे. पन्नास एकर किंवा अधिक क्षेत्राचे पाणी वाहून आणणाऱ्या प्रत्येक प्रवाहाला राज्य पूरक्षेत्र मानते, मग फेमाने तो रेखाटलेला असो वा नसो. शिवाय काठाभोवती ५०, १५० किंवा ३०० फुटांचा पट्टा झाडोऱ्यासाठी राखीव असतो, आणि उच्च दर्जाच्या प्रवाहांना, ज्यांना श्रेणी एक म्हणतात, ३०० फूट लागू होतात. हंटरडनमध्ये असे प्रवाह बरेच आहेत. तीन एकर घेऊन त्यात पुढे पोहण्याचा तलाव, शेड किंवा भाजीचा मोठा वाफा करण्याचे मनात असेल, तर त्यातली किती जमीन खरोखर वापरता येईल हे करारापूर्वी टाऊनशिपच्या इंजिनिअरला विचारावे. हा प्रश्न काउंटीच्या कचेरीत नेऊन उपयोग नाही: हंटरडनमध्ये २६ स्वतंत्र नगरपालिका आणि टाऊनशिप आहेत, आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामाचा अधिकारी प्रत्येकीचा वेगळा असतो.

कागद मागा

२० मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत घर विकणाऱ्याने पुराविषयीची माहिती लेखी देणे बंधनकारक झाले आहे: मालमत्ता फेमाच्या जास्त किंवा मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आहे का, पुराने कधी नुकसान झाले का, दावा केला होता का, पूर्वी सरकारी मदत घेतल्यामुळे विमा चालू ठेवण्याची अट लागलेली आहे का, असे प्रश्न त्यात असतात. घरमालकाने भाडेकरूलाही माहिती द्यावी लागते. या उत्तरांत ‘माहीत नाही’ असे बरेच वेळा लिहिलेले आढळले, तर वकिलामार्फत पुन्हा विचारावे. त्या घरावर राष्ट्रीय कार्यक्रमातून पूर्वी किती दावे दिले गेले याची नोंद फेमाकडे असते, पण ती फक्त चालू मालकालाच मिळते. म्हणून विक्रेत्यालाच ती मागवून द्यायला सांगावे.

दुसरा कागद म्हणजे उंचीचा दाखला, ज्याला येथे एलेव्हेशन सर्टिफिकेट म्हणतात. परवानाधारक सर्व्हेअर घराच्या निरनिराळ्या मजल्यांची आणि घराला टेकलेल्या जमिनीची उंची मोजून तो देतो. तो कसा वाचायचा ते एका कल्पित घरावरून पाहू. नकाशानुसार पुराच्या पाण्याची अपेक्षित उंची १८२ फूट आहे. दाखल्यात पहिल्या मजल्याची उंची १८५.१ फूट आणि घराला टेकलेल्या जमिनीची सर्वांत खालची उंची १८२.६ फूट लिहिलेली आहे. म्हणजे नकाशावरची रेषा जरी घरावरून गेलेली असली, तरी प्रत्यक्षात घराभोवतीची जमीन पाण्याच्या अपेक्षित पातळीहून ०.६ फूट, म्हणजे सुमारे सात इंच वर आहे. अशा वेळी फेमाकडे नकाशा दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जमीन नैसर्गिकरीत्या उंच असेल तर या अर्जाला फेमा शुल्क घेत नाही, खर्च होतो तो सर्व्हेअरचा. अर्ज मान्य झाला की विम्याची सक्ती उठण्याचा मार्ग मोकळा होतो. पण सात इंच म्हणजे किती, हे आपल्या वितीने मोजून पाहावे. सक्ती उठली म्हणून विमा सोडून देणाऱ्यांना मी नेहमी एवढेच सुचवतो. उंचीचे दोन्ही आकडे एकाच आधारपातळीवरचे आहेत ना, हेही तपासावे, कारण जुन्या दाखल्यांत वेगळी आधारपातळी वापरलेली असू शकते.

विमा: कोण देते, किती देते, कधी लागू होतो

घराच्या नेहमीच्या विम्यात, म्हणजे होमओनर्स पॉलिसीत, पूर धरलेला नसतो. छत उडून आत पाऊस आला किंवा पाइप फुटला तर ती पॉलिसी कामाला येते. जमिनीवरून चालत आलेले पाणी तिच्या हद्दीबाहेर आहे. त्यासाठी १९६८ च्या कायद्याने सुरू झालेला राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम आहे. पॉलिसी विकतात खाजगी विमा कंपन्या, पण दर आणि अटी फेमाच्या असतात, त्यामुळे राष्ट्रीय कार्यक्रमाची पॉलिसी स्वस्त कोठे मिळेल म्हणून दहा एजंट फिरण्यात अर्थ नाही. घर ए क्षेत्रात असेल आणि कर्ज संघराज्याच्या नियमनाखालील बँकेचे असेल तर विमा सक्तीचा आहे. इतरांसाठी तो ऐच्छिक आहे, आणि त्यांनीच अधिक विचार करायला हवा.

एका कुटुंबाच्या घरासाठी इमारतीवर जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानावर १,००,००० डॉलर मिळू शकतात. ही दोन स्वतंत्र कलमे आहेत आणि प्रत्येकाचे डिडक्टिबल वेगळे असते, म्हणजे १,००० ते १०,००० डॉलरपर्यंतची ठरलेली रक्कम दोन्ही ठिकाणी आधी तुम्ही सोसायची. बँक फक्त इमारतीची चौकशी करते, कारण तिचा जीव कर्जात अडकलेला असतो. सामानाचे कलम तुम्ही मागितले नाही तर पॉलिसीत येतच नाही. भाडेकरूंना केवळ सामानाची पॉलिसी घेता येते, आणि ती घ्यावी.

ऑक्टोबर २०२१ पासून हप्ता ठरवण्याची पद्धत बदलली. पूर्वी नकाशावरच्या अक्षरावर हप्ता ठरे. आता पाण्यापासूनचे अंतर, पहिल्या मजल्याची उंची, पायाचा प्रकार आणि घर पुन्हा बांधायला लागणारा खर्च असे घटक पाहून प्रत्येक घराचा वेगळा हप्ता काढला जातो. त्यामुळे शेजाऱ्याचा हप्ता विचारून अंदाज बांधू नये. घराची बोली लावण्यापूर्वीच एजंटकडून लेखी आकडा घ्यावा. विक्रेत्याची चालू पॉलिसी असेल तर ती आपल्या नावावर करून घेता येते का, हे आवर्जून विचारावे. जुन्या कमी दराने चाललेल्या पॉलिसीचा हप्ता खऱ्या दरापर्यंत हळूहळू चढत असतो आणि ती सवलत पॉलिसीसोबत तुमच्याकडे येऊ शकते. बहुतेक राहत्या घरांवर वार्षिक वाढ १८ टक्क्यांपेक्षा जास्त होत नाही. याखेरीज राहत्या घराला २५ डॉलर आणि इतर घरांना २५० डॉलर असा वार्षिक अधिभार असतो. घर घेऊनही काही महिने एडिसनलाच राहणार असाल तर अर्जात राहते घर म्हणून काय लिहिले आहे ते पाहून सही करा.

सर्वांत महत्त्वाचा आकडा ३० दिवसांचा आहे. अर्ज आणि हप्ता भरल्यापासून पॉलिसी लागू व्हायला साधारणपणे तीस दिवस जातात. वादळाची बातमी ऐकून एजंटला फोन करणाऱ्याला काहीही मिळत नाही. नवे कर्ज घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, वेळी त्या कर्जासाठी घेतलेल्या पॉलिसीला ही प्रतीक्षा नसते, म्हणून निर्णय क्लोजिंगपूर्वीच करावा. कार्यक्रमाला संसद वेळोवेळी मुदतवाढ देते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज बंद पडले तेव्हा ती मुदत संपून काही आठवडे नव्या पॉलिसी देणे थांबले होते. क्लोजिंगची तारीख अशा वेळेच्या आसपास येत असेल तर खाजगी कंपनीचा दरही हाताशी असू द्यावा. खाजगी पॉलिसीत इमारतीची मर्यादा २,५०,००० च्या वर जाऊ शकते आणि तात्पुरत्या निवासाचा खर्चही काही वेळा धरलेला असतो. मात्र नुकसान झाल्यावर ती कंपनी पुढच्या वर्षी नूतनीकरण नाकारू शकते, हे विसरू नये.

पॉलिसीत काय नाही, हे आधी वाचा

येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण ग्रामीण घरात जे महाग असते, त्यातले बरेचसे या पॉलिसीबाहेर आहे. विहीर नाही, सेप्टिक टाकी आणि तिचे सांडपाणी जमिनीत मुरवणारे वाफे नाहीत. कुंपण नाही, ड्राइव्ह-वे नाही, डेक नाही, ती मघाची मोरीही नाही. जमीन, झाडे, उभे पीक आणि जनावरे नाहीत. वेगळे गॅरेज इमारतीच्या रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत चालते, पण ती रक्कम मुख्य घराच्या मर्यादेतूनच वजा होते. गोठा किंवा कोठार असेल तर त्याला स्वतंत्र पॉलिसी लागते. हॉटेलात राहावे लागले तर तो खर्च नाही. गाडीचे नुकसान गाडीच्या विम्यातल्या काँप्रिहेन्सिव्ह कलमाखाली येते. सोन्याचे दागिने, चित्रे, संग्राह्य वस्तू या सर्वांना मिळून २,५०० डॉलर, आणि रोख रकमेला शून्य. तेव्हा लग्नातले दागिने बेसमेंटच्या कपाटात ठेवू नयेत.

बेसमेंटची कथा वेगळी आणि लांबलचक आहे. चारही बाजूंनी जमिनीखाली असलेला मजला म्हणजे बेसमेंट. उतारावरच्या ज्या घरांत खालच्या मजल्यावरून एका बाजूने सरळ अंगणात पाऊल टाकता येते, तो भाग या व्याख्येत येतोच असे नाही, आणि त्यामुळे भरपाईत मोठा फरक पडतो. हा मुद्दा एजंटकडून लेखी घ्यावा. खऱ्या बेसमेंटमध्ये फर्नेस, वॉटर हीटर, विजेचा पॅनेल, सम्प पंप, पाया आणि जिना यांचे पैसे मिळतात, तसेच पाणी उपसून साफसफाई करण्याचेही. सामानाचे कलम असेल तर वॉशर, ड्रायर आणि फ्रीझर. रंगवलेल्या भिंती, फरशी, गालिचा, सोफा, टीव्ही, पुस्तके यांचे काहीही नाही.

आयडाच्या रात्री आमच्याच बेसमेंटमध्ये चौदा इंच पाणी आले. घर एक्स क्षेत्रातले. घर घेताना ‘तुम्हाला गरज नाही’ असे मला सांगण्यात आले होते, आणि शेजारच्या आजोबांच्या आग्रहामुळे आम्ही नंतर पॉलिसी घेतली होती. फर्नेसचे आणि वॉटर हीटरचे पैसे मिळाले. हार्मोनियम, दिवाळी अंकांची वीस वर्षांची खोकी आणि मुलांचे अभ्यासाचे टेबल यांचे मिळाले नाहीत. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी शांतपणे समजावून सांगितले की फ्रीझरमधल्या अन्नाची भरपाई आहे, पण शेजारच्या साध्या फ्रिजची नाही. पत्नीने त्यांना फ्रीझरमधल्या पुरणपोळ्यांची संख्या सांगितली आणि त्यांनी ती खरोखर लिहून घेतली.

राहत्या एककुटुंबी घराची भरपाई नव्या बांधकामाच्या दराने मिळते, पण त्यासाठी घराच्या पुनर्बांधणी खर्चाच्या किमान ८० टक्के किंवा कमाल मर्यादेइतका विमा असावा लागतो. सामानाची भरपाई मात्र नेहमी घसारा वजा करून होते. आणि ‘पूर’ या शब्दाचीही व्याख्या आहे: एरवी कोरड्या असलेल्या दोन एकर किंवा अधिक जमिनीवर, अथवा तुमच्यासह दोन मालमत्तांवर पाणी पसरले पाहिजे. फक्त तुमचा सम्प पंप बंद पडून खालून पाणी आले तर तो पूर ठरत नाही; त्यासाठी होमओनर्स पॉलिसीला वॉटर बॅकअपचे वेगळे कलम थोड्या पैशांत जोडून घ्यावे. या काउंटीत मला विचाराल तर हे कलम पूरविम्याइतकेच गरजेचे आहे.

हप्ता कमी करण्याचे थोडे मार्ग आहेत. फर्नेस आणि वॉटर हीटर पहिल्या मजल्याच्या वर नेल्यास, किंवा क्रॉल स्पेसच्या, म्हणजे घराखालच्या बुटक्या मोकळ्या जागेच्या, भिंतींत पाणी आरपार जाण्यासाठी नियमाप्रमाणे झरोके असल्यास सवलत मिळते. काही नगरपालिका फेमाच्या सामुदायिक श्रेणी योजनेत भाग घेतात, आणि त्यांच्या रहिवाशांना आपोआप सूट लागते. आपली टाऊनशिप त्यात आहे का ते विचारावे.

पाणी आलेच तर

पॉलिसी मिळाल्या दिवशीच प्रत्येक खोलीचा आणि बेसमेंटचा व्हिडिओ काढून घराबाहेर कोठेतरी साठवावा. उपकरणांच्या मागचे क्रमांक त्यात दिसले पाहिजेत. पुराचा इशारा आल्यावर वाळूच्या पिशव्या, भाड्याचा पंप आणि सामान सुरक्षित जागी हलवणे यांच्या पावत्या जपाव्यात, कारण त्यांपोटी पॉलिसीतून प्रत्येकी १,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात. रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालू नये: फूटभर वाहते पाणी छोटी गाडी ढकलते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. रात्री पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही तेही कळत नाही.

पाणी ओसरल्यावर आधी विमा कंपनीला कळवावे आणि मग फोटो काढावेत: भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी धरून, शेजाऱ्याच्या अंगणातले पाणी, रस्ता. दोन मालमत्तांची अट याच फोटोंनी सिद्ध होते. ओले सामान बुरशीच्या भीतीने बाहेर काढावेच लागते, पण गालिचा, भिंतीचा ड्रायवॉल किंवा फळी यांचा एकेक तुकडा कापून ठेवावा. नुकसानीचे सही केलेले शपथपूर्वक विवरण घटनेपासून ६० दिवसांत द्यावे लागते. मोठ्या आपत्तीत फेमा कधीकधी ही मुदत वाढवते, तरी तिच्या भरवशावर राहू नये. पाहणी अधिकाऱ्याचा अंदाज कमी वाटला तर कंत्राटदाराचे तपशीलवार दरपत्रक जोडून पुरवणी मागणी करता येते. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला आणि घर ए क्षेत्रात असेल, तर टाऊनशिप घर उंच करण्याची अट घालू शकते. त्या कामासाठी पॉलिसीत ३०,००० डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद आहे, पण एकूण भरपाई २,५०,००० च्या वर जात नाही. विमा नसलेल्यांना सरकारी मदत मिळते असे सर्रास म्हटले जाते. ती राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली तरच मिळते, आणि तिचा मोठा भाग कर्जरूपाने, फेडायच्या बोलीवर असतो.

विहीर पाण्याखाली गेली असेल तर नळाचे पाणी पिऊ नये, त्याने भांडीही धुऊ नयेत. जाणकाराकडून विहीर निर्जंतुक करून घ्यावी आणि राज्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जिवाणूंसाठी नमुना द्यावा. सेप्टिकच्या वाफ्यावर पाणी साचलेले असेतोवर टाकी उपसू नये, कारण सभोवतालची माती भिजलेली असताना रिकामी टाकी वर उचलली जाऊन पाइप तुटतात. जमीन कोरडी होईपर्यंत पाण्याचा वापर कमीत कमी ठेवावा, आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत चहासाठीसुद्धा दुकानातले बाटलीबंद पाणीच वापरावे.